इटलीचं थकीत खातं

फुटबॉलमधल्या एका बचावपद्धतीला इटालियन लोक ‘कातेनाच्चो’ म्हणतात. कातेनाच्चो म्हणजे दाराची कडी. आधी कसाबसा एक गोल करायचा, मग घरात शिरून आतून कडी घालायची, आणि बाहेर प्रतिपक्ष कितीही दार बडवत बसला तरी ‘कोण आहे?’ एवढंसुद्धा विचारायचं नाही. मूळ कल्पना म्हणे स्वित्झर्लंडमधली. असेल बुवा. कड्या आणि तिजोऱ्या या बाबतीत त्या लोकांचा हात कोण धरणार! पण तिच्यावर इटलीनं जी मेहनत घेतली ती दुसऱ्या कोणी घेतली नाही. १९६३ साली मिलाननं, आणि पुढं १९६४ व १९६५ साली त्याच शहरातल्या इंटरनं युरोपचा कप घरी आणला, तो या कडीच्या जोरावर.

आमच्या आळीत फुटबॉल पाहणारे सगळे ब्राझीलचे, नाहीतर आर्जेंटिनाचे. मी एकटा इटलीचा. लोक विचारतात, “त्या रटाळ खेळात तुम्हाला दिसतं तरी काय?” आता, मी गेली बावीस वर्षं बँकेत काउंटरवर बसतो. समोर आलेल्या माणसाला आत शिरू न देणं हे आमचं व्रतच आहे. “पलीकडच्या खिडकीवर विचारा”, “साहेब जेवायला गेलेत”, “झेरॉक्सवर तुमची सही कुठाय?” आणि एवढी फळी भेदून एखादा पठ्ठ्या पुढं आलाच, तर शेवटी गोलकीपर म्हणून “सर्व्हर डाउन आहे”. कातेनाच्चो मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय मी बी. कॉम. आहे. नाचत नाचत व्यवहार करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

हे प्रेम जडलं १९९० साली. वर्ल्ड कप इटलीतच होता, मी दहा वर्षांचा होतो आणि अख्ख्या वाड्यात टीव्ही एकाच घरी होता. दूरदर्शनवर रात्री सामने लागायचे. स्किलाची नावाचा सिसिलीचा एक गडी होता. स्पर्धेपूर्वी त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. पण गोल केला की तो डोळे असे काही वटारायचा, की हरवलेलं पासबुक माळ्यावर सापडलेला माणूसच! त्यानं सहा गोल केले. गोलकीपर झेंगानं सलग ५१७ मिनिटं एकही चेंडू आत येऊ दिला नाही. ५१७ मिनिटं म्हणजे आमच्या बँकेतला अख्खा दिवस आणि वर थोडा ओव्हरटाइम. आणि मग उपांत्य सामन्यात, नेपल्समध्ये, आर्जेंटिनाच्या कानिजियानं चेंडू डोक्यानं हळूच मागं सारला, आणि पुढं पेनल्टीत सगळा खेळ आटोपला. रात्रीचे दोन वाजून गेले होते. मी जिन्यात बसून रडत होतो. वाड्यातल्या आजी पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कोण गेलं रे?” मी म्हटलं, “इटली.” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “वय काय होतं?”

त्या प्रश्नाचं उत्तर अलीकडे मला द्यावंसं वाटायला लागलं आहे. कारण खात्याचा उतारा पाहा. जमेला चार वर्ल्ड कप: १९३४, १९३८, १९८२ आणि २००६. यातले शेवटचे दोन तर घरात धाड पडलेली असताना मिळवलेले. १९८० मध्ये सामने विकल्याचं लफडं बाहेर आलं, त्यात पाओलो रोस्सीला बंदी झाली. बंदी संपवून तो बापडा १९८२ ला स्पेनला गेला आणि ब्राझीलला तीन गोल घालून आला. २००६ मध्ये पंच ‘मॅनेज’ केल्याच्या प्रकरणात युव्हेंटुसची रवानगी दुसऱ्या वर्गात झाली, आणि त्याच उन्हाळ्यात इटलीनं बर्लिनला कप उचलला. म्हणजे ऑडिट लागलं की यांचा परफॉर्मन्स सुधारतो. अशी शाखा मी आमच्या अख्ख्या झोनमध्ये पाहिलेली नाही.

पण २००६ नंतर हप्ते थांबले. २०१० मध्ये न्यूझीलंडशी बरोबरी करून गटात तळाला. २०१४ मध्ये पुन्हा गटातच गाशा गुंडाळला. वर उरुग्वेच्या सुआरेझनं किएल्लिनीच्या खांद्याला चावा घेतला तो वेगळाच. २०१८ ला तर पोचलेच नाहीत. प्ले-ऑफमध्ये स्वीडननं अडवलं. मध्येच २०२१ मध्ये वेंब्लीवर इंग्लंडला पेनल्टीत हरवून युरोपचं अजिंक्यपद पटकावलं (त्या स्पर्धेचं नाव मात्र ‘२०२०’च ठेवलं होतं, मागल्या तारखेचं व्हाउचर म्हणतात ते हेच), आणि खातं सुरळीत झालं असं वाटेपर्यंत २०२२ च्या मार्चमध्ये पालेर्मोला उत्तर मॅसिडोनियानं ब्याण्णवाव्या मिनिटाला एकच गोल करून त्यांना पुन्हा घरी बसवलं. आमच्याकडे नियम असा, की नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं थकीत. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांचा नियम आहे एवढंच.

अशा मनःस्थितीत २०२५ च्या नोव्हेंबरात मी मिलानला जाऊन थडकलो. भाचा तिथं इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होता. “मामा, सोळा तारखेला सान सिरोवर इटली-नॉर्वे आहे. तिकीट काढू?” त्यानं विचारलं. मी किंमत विचारली, मनात युरोचे रुपये केले आणि म्हटलं, “खेळ टीव्हीवर जास्त स्पष्ट दिसतो.” मग त्यानं घराजवळच्या बारमध्ये जायचं ठरवलं. बार म्हटल्यावर आमच्या हिच्या भुवया वर गेल्या. पण इटलीत बार म्हणजे आपल्याकडचं इराण्याचं हॉटेल. सकाळी कॉफी, दुपारी पत्ते, संध्याकाळी राजकारण, आणि कायम फुटबॉल.

सामन्यात तसा अर्थ उरला नव्हता. गटात पहिलं येऊन थेट वर्ल्ड कपला जायचं तर इटलीला नऊ गोलांच्या फरकानं जिंकायला हवं होतं. नऊ! कडी लावून जगणाऱ्या घराण्याला हा हिशेब सांगणं म्हणजे पेन्शनरला ट्रेकिंगला नेणं. तरीसुद्धा अकराव्या मिनिटाला पिओ एस्पोझितो या वीस वर्षांच्या पोरानं गोल केला आणि बारमधले एक मफलरवाले आजोबा गंभीरपणे म्हणाले, “आता आठच.” दुसऱ्या अर्धात नॉर्वेनं चार घातले. त्यातले दोन हालांडनं मिनिटभराच्या अंतरानं. नॉर्वे १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेलं. आणि इटली सलग तिसऱ्यांदा प्ले-ऑफच्या रांगेत. शिट्यांचा आवाज टीव्हीतून येत होता की खिडकीतून, ते कळेना.

खरा सामना दुसऱ्या दिवशी झाला. सोमवार हा इटलीत फुटबॉलच्या पंचनाम्याचा वार आहे. १९८० पासून तिथं टीव्हीवर ‘सोमवारचा खटला’ अशा अर्थाच्या नावाचा एक कार्यक्रम चाले. आल्दो बिस्कार्दी नावाचे गृहस्थ तो चालवत, आणि त्यात रविवारच्या सामन्यांवर सर्वजण एकाच वेळी बोलत. परंपरा मोठी. आम्ही संध्याकाळी बारमध्ये गेलो तेव्हा तोच खटला उभा होता. टेबलावर गुलाबी ‘गझेत्ता’ पसरलेला आणि चौघांचे आवाज चढलेले. भाचा मला भाषांतर करून सांगत होता. वक्ता दोन मिनिटं बोले आणि भाचा चार शब्दांत संपवी. “अरे, बाकीचं?” मी विचारलं. “मामा, बाकीच्या शिव्या आहेत.”

बारमालक मिलानचा भक्त. कॉफीचं यंत्र दाबत त्याचं म्हणणं असं, की सगळं वाटोळं परदेशी खेळाडूंनी केलं. “निम्म्याहून जास्त खेळाडू बाहेरचे! आमच्या पोरांनी खेळायचं कुठं?” आणि त्यानं १९६६ काढलं. त्या साली इटली उत्तर कोरियाकडून हरली, परत आल्यावर विमानतळावर लोकांनी संघाला सडके टोमॅटो मारले, आणि महासंघानं बाहेरून खेळाडू आणायलाच बंदी केली. ती १९८० पर्यंत टिकली. “आणि १९८२ ला काय झालं?” असं म्हणून त्यानं कप असा आपटला, की वर्ल्ड कपच आपटला असं वाटावं.

“ते आता जमायचं नाही,” कोपऱ्यातून एक शांत आवाज आला. हे चष्मेवाले, निवृत्त हिशेबनीस. तिकडे हिशेबनिसाला नावानं हाक मारत नाहीत, ‘राजिओनिएरे’ म्हणतात. आपण मास्तरांना मास्तर म्हणतो तसं. माझं त्यांच्याशी पाहताक्षणीच गोत्र जुळलं. युव्हेंटुसचे भक्त. त्यांनी सांगितलं, १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयानं बोस्मन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंना असं अडवता येत नाही. “आणि परदेशी म्हणाल, तर १९९० साली युरोपचे तिन्ही कप इटलीत आले, तेव्हा तुमच्या मिलानमध्ये खुलित, व्हान बास्टेन, रायकार्ड कोण होते? बेर्गामोचे?”

मिलानवाला गप्प. मफलरवाले आजोबा खूश. ते इंटरचे. पण राजिओनिएरेंनी लगेच त्यांच्याकडे मोहरा वळवला: २०१० ला इंटरनं युरोप जिंकला, त्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या अकरांत इटालियन किती? आजोबांनी मफलर सारखा केला. उत्तर होतं शून्य. “कप तो कप,” आजोबा पुटपुटले.

इतक्यात पार्सलं पोचवणारा एक नेपल्सचा तरुण आत आला, उभ्या उभ्या कॉफी घशात ओतली आणि विचारलं, “ऱ्हास? कुठला ऱ्हास? आम्ही २०२३ ला जिंकलो, २०२५ ला जिंकलो.” आणि गेलासुद्धा. ऱ्हास हा नेहमी उत्तरेकडच्या लोकांचा होतो, असं त्याचं मत दिसलं.

राजिओनिएरेंचा मुद्दा पैशाचा होता, आणि इथं मी खुर्ची पुढं ओढली. ते म्हणाले, नव्वदच्या दशकात जगातला सगळा पैसा इटालियन फुटबॉलमध्ये होता, फक्त तो पैसा नव्हता. पार्माचं घ्या. छोटं गाव, हॅम आणि चीजसाठी प्रसिद्ध. दुधाची एक बडी कंपनी, पार्मालात, क्लबच्या मागं उभी राहिली आणि १९९३ ते १९९९ या काळात गावात युरोपचे तीन चषक आले. डिसेंबर २००३ मध्ये कळलं, की कंपनीच्या केमन बेटांवरल्या एका उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत जे ३९५ कोटी युरो असल्याचं पत्र होतं, ते पत्रच बनावट. असं खातंच नाही!

मी भाच्याला म्हटलं, “त्यांना सांग, आमच्याकडे विजेच्या बिलावरचं नाव आणि आधारावरचं नाव यांत एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर आम्ही खातं उघडू देत नाही.” भाच्यानं सांगितलं. राजिओनिएरेंनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. दोन देशांतली लेखा-परंपरा इतकी जवळ आलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग त्यांनी लाझिओचं सांगितलं. त्यांच्या धन्याचा धंदा डबाबंद टोमॅटोचा. २००० साली अजिंक्यपद मिळालं, २००२ मध्ये टोमॅटोच्या कंपनीला कर्जरोखे फेडता येईनात. (१९६६ चे टोमॅटो फेकले नसते तर बरं झालं असतं.) फिओरेंटिना २००२ मध्ये बुडाली, नेपल्सचा क्लब २००४ मध्ये. पार्मा तर पुन्हा २०१५ मध्ये बुडाला. त्याआधी काही महिन्यांत तो दोनदा विकला गेला, दोन्ही वेळा एका युरोला. एक युरो! आमच्याकडे चेकबुकचा चार्जसुद्धा त्याहून जास्त पडतो.

“आणि मैदानं?” राजिओनिएरे थांबेनात. इटलीतली बरीच मैदानं महापालिकांच्या मालकीची. सान सिरो १९२६ चं. घरमालक महापालिका होती, भाडेकरू दोन, आणि दोघांचं एकमेकांशी वैर. २०१९ पासून दोघे म्हणत होते, हे पाडून नवं बांधू. त्यावर समित्या, हरकती, वारसावास्तू, शेजाऱ्यांचे अर्ज. शेवटी २०२५ च्या सप्टेंबरअखेर नगरसेवकांनी पहाटेपर्यंत बसून विकायला संमती दिली. हे ऐकताना मला भाषांतराची गरजच पडेना. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा २०११ पासून चालू आहे. पात्रं तीच, संवाद तेच, फक्त आमच्याकडे शेवटी वडा-चहा असतो. मी त्यांना मनापासून सांगितलं, की पाडायच्या आधी भाड्याचं लेखी घ्या.

मफलरवाले आजोबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “पैसा नाही, परदेशी नाही. पोरं खेळतच नाहीत.” त्यांच्या लहानपणी प्रत्येक चर्चच्या आवारात एक मैदान असायचं. पाद्रीबाबा झग्यासकट गोलात उभे राहायचे. संध्याकाळी आया हाका मारून दमायच्या. आता आवारं ओस पडली. पोरगं फुटबॉलच्या शाळेत जातं, फी भरतं, आणि तिथं दहा वर्षांच्या पोराला मास्तर फळ्यावर बाण काढून दाखवतात. एकट्यानं चेंडू घेऊन चार जणांना चकवलं तर ओरडतात, पास दे म्हणून! “बाद्जो असता तर त्यालाही ओरडले असते. चांगलं पोरगं असेल ते टेनिसला जातं. त्या सिन्नरनं विम्बल्डन जिंकल्यापासून तर विचारूच नका.” (सिन्नर शब्द ऐकून मी दचकलो. नाशिकच्या अलीकडे आमची शाखा आहे तिथं. पण हा यान्निक सिन्नर निराळा.)

याच वेळी त्यांचा नातू आला. अकरा वर्षांचा, पाठीवर दप्तर, गुडघ्याला माती. आजोबांच्या बाजूला बसून त्यानं दप्तरातून वर्ल्ड कपच्या चित्रांचा जुना आल्बम काढला. माझ्यासारखा परदेशी पाहुणा पाहून दाखवायला. हे आल्बम छापणारी पानिनी कंपनी मोडेनाची, म्हणजे तिथून दोन-अडीच तासांवर. २०२२ च्या आल्बमात बत्तीस देश होते आणि त्यात इटली नव्हती. पोरानं कतारचा अख्खा संघ भरला होता.

“२४ जून २०१४,” आजोबा म्हणाले. “वर्ल्ड कपमधला आमचा शेवटचा सामना. हा सप्टेंबरचा.”

टेबलावर एकदम कुणी काही बोललं नाही. राजिओनिएरेंनी चष्मा पुसला. आपल्याकडे ही गोष्ट तितकी लागायची नाही, पण चार कप आणणाऱ्या घरातल्या पोरानं आपल्या देशाला त्या स्पर्धेत एकदाही पाहिलेलं नाही, हा हिशेब त्या चौघांनीही आजवर बहुधा कुणी मांडला नव्हता. सगळे आपापल्या क्लबाचं मांडत होते.

पोरानं मला विचारलं, “तुमचा देश किती वेळा गेलाय?”

मी म्हटलं, “एकदाही नाही. पण १९५० मध्ये जाणार होता.” आणि मग मी त्या लोकांना त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली, की १९५० च्या ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला भारत इटलीच्याच गटात होता! इटली, स्वीडन, पॅराग्वे आणि आपण. आपण गेलो नाही. सराव पुरेसा झाला नाही, निवडीवरून मतभेद झाले, असं आपल्या महासंघानं सांगितलं. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून नाही गेलो, ही कथा जास्त रंगतदार असल्यामुळं लोकांत तीच टिकली.

आजोबांना १९५० म्हटल्यावर वेगळंच आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी तोरिनोचा संपूर्ण संघ विमान अपघातात गेला होता, सुपेर्गाच्या टेकडीवर. तो संघ म्हणजेच तेव्हाची इटली. वर्ल्ड कपला उरलेले खेळाडू विमानाच्या धास्तीनं बोटीनं गेले. स्वीडनकडून ३-२ हरले, पॅराग्वेला २-० हरवलं, आणि परत आले. “तुम्ही आला असतात तर?” आजोबांनी विचारलं.

“तर आम्हीही बोटीनंच आलो असतो,” मी म्हणालो. “पण आम्ही न येऊनसुद्धा तुम्ही गटातच राहिलात, याला आमचा इलाज नाही.” भाचा हे भाषांतर करायला कचरत होता. केलं. पहिले हसले ते आजोबाच.

पोराचं समाधान झालं नव्हतं. “मग तुम्ही वर्ल्ड कप बघता कसा?”

काय सांगणार? मी सांगितलं, की आमच्याकडे प्रत्येकजण एक देश दत्तक घेतो. कुणी ब्राझील, कुणी आर्जेंटिना. भिंतीवर झेंडे लावतो, हरल्यावर जेवत नाही. मी दहा वर्षांचा असताना इटली घेतली. “का?” पोरानं विचारलं. मी स्किलाचीचे डोळे करून दाखवले. बारमालक, राजिओनिएरे, आजोबा, सगळ्यांना ते एका क्षणात ओळखू आले. स्किलाची २०२४ च्या सप्टेंबरात गेला. बारमालकानं माझ्यापुढं एक कॉफी सरकवली आणि पैसे नकोत अशी खूण केली.

पोरगं मात्र विचारात पडलं होतं. दत्तक घेण्याची कल्पना त्याच्या डोक्यात शिरलेली दिसली. आजोबांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. “नॉर्वे नाही हं,” ते आधीच म्हणाले. पोरानं मान हलवली. आल्बमची पानं चाळली. आणि म्हणालं, “ब्राझील. त्यांचा कोच आपलाच आहे.”

ते खरं होतं. २०२५ च्या मेमध्ये ब्राझीलनं कार्लो आन्चेलोत्तीला नेमलं होतं. पाच कप जिंकलेल्या देशाला शिकवायला माणूस इटलीतून न्यावा लागला, आणि इटलीला मात्र… राजिओनिएरेंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि तडजोड मान्य होण्यासारखी आहे असं मान हलवून सुचवलं. हा निर्यातीचा व्यवहार त्यांच्या वहीत जमेकडे बसत होता.

पण आजोबा ताडकन उठले. “आन्चेलोत्ती? तो मिलानचा! मिलानकडून खेळला, मिलानचा कोच झाला! माझ्या घरात?”

“आमचा!” बारमालक ओरडला आणि त्यानं पोराच्या हातात एक चॉकलेट ठेवलं.

पुढचं सगळं त्यांच्या भाषेत आणि एकाच वेळी झालं. भाच्यानं भाषांतर सोडून दिलं. पोरगं चॉकलेट खात आल्बम दप्तरात भरत होतं. शेवटी शटर अर्धं खाली आलं तेव्हा आजोबा मफलर गुंडाळत १९६५ बद्दल काहीतरी सांगत होते, आणि भाचा माझी बाही ओढत म्हणत होता, “मामा, चल, मामी घरी एकटी आहे. तिनं पिठलं टाकलंय.”